पन्नास-बावन्न

"हात लावायचा नाही. नुसतं बघायचं आणि सांगायचं," असं म्हणून मी चिंचोक्यांनी भरलेली लोणच्याची काचेची बरणी टेबलावर ठेवली. "किती असतील?"

तिसरीची अठरा पोरं बरणीकडे बघत बसली.

"मोजून सांगू का बाई?" प्रणाली बंडगरनं विचारलं.

"मोजायचं नाही म्हणून तर बरणीत घातलेत. अंदाज सांग."

"मग चुकंल की."

शेवटी मागच्या रांगेतला ओंकार म्हणाला, "शंभर." त्यासरशी सगळ्यांची जीभ सुटली. एकशे दोन, अठ्ठ्याण्णव, एकशे एक. शंभरापासून लांब जायला एकही पोर तयार नव्हतं. आम्ही बरणी फरशीवर ओतली आणि दहा-दहाचे ढीग केले. तीनशे चाळीस निघाले. ओंकारचा चेहरा एवढासा झाला.

दुसऱ्या दिवशी मी चिंचोक्यांऐवजी खडे भरले. उत्तरं एकदम जवळची आली. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी मनातून खूश झाले. चौथ्या दिवशी अर्धा तास आधी शाळेत पोचले, तर माझा वर्ग फरशीवर बसून बरणी मोजत होता! मोजून झाल्यावर प्रणाली कुणी काय सांगायचं ते वाटून देत होती. "तू दोनशे धा म्हण. तू एकशे नव्वद. बराबर कुणीच सांगू नका, बाईंना कळंल."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही पोरं चूक व्हायला किती घाबरतात.

त्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "अंदाज जवळचा असतो नाहीतर लांबचा असतो. लांबचा निघाला म्हणून मी कुणाला ओरडणार नाही."

"लई लांबचा असला तरी?" प्रणालीनं विचारलं.

"तरी."

तिनं एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, आटपाडीकडच्या पळसमाळ नावाच्या वस्तीवरची. पहिली ते चौथीची शाळा, तीन खोल्या, तीन शिक्षक. मुख्याध्यापक देठे सर चौथी घ्यायचे, माने सर पहिली-दुसरी आणि मी, मुमताज नदाफ, तिसरी. मी शिक्षणसेविका होते. तीन वर्षांची मुदत मार्चमध्ये संपत होती आणि त्यानंतर मी कायम होणार होते. नवरा मिरजेला कामाला होता. मी साडेतीन वर्षांच्या इक्राला घेऊन शाळेजवळच एका खोलीत राहायचे. इक्रा दिवसभर माझ्याच वर्गात कोपऱ्यात बसून पाटीवर रेघोट्या मारायची.

अंदाजाचा पाठ पुस्तकात दीड पानाचा होता. मी तो दोन महिने चालवला. पोरांना बाहेर घेऊन जायचे. समोरच्या छपरावर कौलं किती, मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत असला तर त्यात मेंढरं किती, शाळेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत पावलं किती. आधी सांगायचं, मग मोजायचं. पहिल्यांदा त्यांचे आकडे कुठंही जायचे. कौलं पाच हजार म्हणणारेही होते. हळूहळू दहा म्हणजे दिसायला केवढे, पन्नास म्हणजे केवढे, हे त्यांच्या नजरेत बसायला लागलं.

एकदा आम्ही जवळच्या डाळिंबाच्या बागेत गेलो. प्रणालीची आई तिथंच कामाला असायची. एका झाडासमोर उभं करून मी विचारलं, "फळं किती?" बाकीची पोरं मान वर करून सगळं झाड एकदम नजरेत घ्यायला बघत होती. प्रणाली मात्र एकाच फांदीपाशी गेली. एक डोळा बारीक करून तिनं ती बघितली, मग झाडाभोवती एक चक्कर मारली.

"साठाला थोडी कमी."

"कशावरून?"

"ह्या फांदीला सात हायत. अशा फांद्या आठ. म्हंजे छप्पन. पर खालच्या फांदीला कमी हायत, आन आतली दिसत न्हाईत." तिनं जरा विचार केला. "साठाला थोडी कमीच धरा."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"आई सांगती. यापारी आल्यावर त्येची माणसं असंच बघत्यात."

मोजली तेव्हा अठ्ठावन्न भरली. ही रीत मी डी.एड.च्या पुस्तकात कधी वाचली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या वर्गाला ती शिकवली आणि 'प्रणालीची रीत' असं तिचं नावही ठेवलं. ती लाजून बेंचखाली वाकून पाटी शोधायला लागली. पाटी तिच्या मांडीवरच होती.

आता हजेरीचं सांगायला हवं.

माझ्या हजेरीपत्रकात सव्वीस नावं होती. वर्गात बसायची अठरा. उरलेली आठ पोरं गावात नव्हतीच. आमच्या त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली. कुणी सेलमला, कुणी विजयवाड्याला, कुणी कानपूरला. पोरं त्यांच्याबरोबर जायची आणि तिकडच्याच शाळेत शिकायची. इकडे त्यांची नावं मात्र तशीच राहायची. सगळ्या शाळेचा पट चौऱ्याहत्तर होता आणि रोज समोर दिसणारी पोरं जेमतेम पन्नास. रोज सकाळी मी त्या आठांपैकी सहा-सात नावांपुढं हजेरी लावायचे. सगळ्या आठांना लावायची नाही, म्हणजे खरं वाटतं, हेही मला देठे सरांनीच शिकवलं होतं.

देठे सर वाईट माणूस नव्हते. पावसाळ्यात पोर दोन दिवस आलं नाही तर सायकल घेऊन त्याच्या वस्तीवर जाणारा मुख्याध्यापक मी नंतर दुसरा पाहिला नाही. मी पळसमाळला रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, साठच्या वर पट असला तर तिसरा शिक्षक. साठच्या आत आला की दोन. दोघांत चार वर्ग कसे चालतात ते मी बघितलंय. तुमची ऑर्डर निघाली ती ह्या नावांमुळं, एवढं लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. त्या नावांवर येणाऱ्या जास्तीच्या तांदळाची खिचडी पोरं पोटभर, दोनदा मागून खायची. कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर वाटायचंही नाही. सही करावी तशी मी रोज हजेरी लावायचे.

डिसेंबरात विस्तार अधिकारी पाटोळे साहेब भेटीला येणार असल्याचा निरोप आला. देठे सरांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "आज पोरं कमी का, असं विचारलं तर शेजारच्या गावात लग्न आहे म्हणायचं. मी अर्ज लिहून ठेवलेत पालकांचे."

साहेब आले. पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे. वह्या बघितल्या, शौचालय बघितलं, हजेरीपत्रकं चाळली. लग्नाचं ऐकून घेतलं. मग माझ्या वर्गात आले. भिंतीवर पोरांनी काढलेला तक्ता होता. कौलं, मेंढरं, पावलं, डाळिंबं. एका बाजूला अंदाज, दुसऱ्या बाजूला मोजून आलेला आकडा. साहेब त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले.

"हे तुम्ही केलं?"

"पोरांनी केलं, साहेब."

"चांगलंय." ते पोरांकडे वळले. "मग सांगा बघू, आपल्या शाळेत रोज परिपाठाला किती मुलं उभी राहतात? अंदाजे?"

देठे सर दारात उभे होते. पोरांना हा प्रश्न सोपा होता. सहा-सात हात वर गेले. साहेबांनी प्रणालीकडे बोट केलं.

ती उभी राहिली. नेहमीसारखा एक डोळा बारीक केला. परिपाठाचं मैदान तिला जणू भिंतीवर दिसत होतं. "सा रांगा असत्यात. एका रांगंत आठ-नऊ. सा आठे अठ्ठेचाळीस, वर थोडी. पन्नास-बावन्न."

"रोज?"

"व्हय. एखाद्या दिवशी दोन कमी-जास्त."

"लहान आहे, साहेब," देठे सर दारातून म्हणाले. "शेवटी अंदाजच तो."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी मला विचारलं, "बाई, विद्यार्थिनी तुमची. अंदाज बरोबर आहे का?"

कोपऱ्यात इक्रा पाटी पुसत होती. मला आठवतंय, त्या क्षणी मी मार्च महिन्याचाच विचार केला. दुसरं काही मनात आलं नाही.

"नाही, साहेब. चुकलाय," मी म्हणाले. "सत्तरच्या पुढं असतात." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी पुढं म्हणाले, "बस खाली, प्रणाली. नीट बघत जा जरा."

ती बसली. साहेबांनी शेरेबुकात चार ओळी लिहिल्या, सही केली, चहा घेतला आणि गेले. जाताना देठे सरांनी इक्राच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी समोर उभी होते. प्रतिज्ञा सुरू झाली. सगळ्यांचे हात पुढं, सगळ्यांचे ओठ एकाच तालात. प्रणालीचे ओठ मात्र वेगळेच हलत होते. डोळे एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर जात होते.

वर्ग सुरू व्हायच्या आधी ती टेबलापाशी आली. "बाई, मोजलं. एकावन्न."

"बरं."

"तुमी सत्तर म्हणला हुता."

"जा, जागेवर बस."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आज एकोणपन्नास हायत. मी दोन बाऱ्या मोजलं."

चौथ्या दिवशी ती वही घेऊनच आली. तिनं सहा रांगा आखल्या होत्या, प्रत्येक रांगेत उभ्या रेघा मारल्या होत्या आणि खाली बेरीज केली होती. वही माझ्यापुढं धरून ती म्हणाली, "बाई, माझं कुटं चुकतंय ते दावा की. मी लई बघितलं. मला घावना."

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. मी खोटं बोलले असेन हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बाई म्हणाल्या चुकलं, म्हणजे चुकलंच. आता चूक शोधायची, एवढंच तिला कळत होतं. मी वही हातात घेतली. बेरीज बरोबर होती. "नंतर बघते," म्हणाले.

त्या दिवशी गणिताच्या तासाला मी शेंगांची पाटी पुढं ठेवली आणि अंदाज विचारला. प्रणालीचा हात वर गेला नाही. मी नाव घेऊन विचारलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मोजू द्या, मग सांगते."

शनिवारी सकाळची शाळा होती. मी हजेरीपत्रक उघडलं. एरवी ती आठ नावं मी मोठ्यानं वाचत नसे. त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वाचली.

"अजिंक्य साळुंखे."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "त्यो सेलमला असतोय की, बाई," ओंकार म्हणाला.

मी त्याच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. "मयूरी शिंदे."

"इजयवाड्याला. तिच्या पप्पांचं दुकान हाय तितं."

"शुभम शिंदे."

"त्यो तिचा भाऊच."

अशी आठ नावं झाली. शेवटी शेवटी पोरांना गंमत वाटायला लागली होती. नाव घेतलं की सगळे मिळून गाव सांगायचे. कानपूर, कोईमतूर, पुन्हा सेलम. मी पत्रक मिटलं.

"प्रणाली, उभी रहा." ती दचकून उठली. "त्या दिवशी साहेबांना तू सांगितलंस ते बरोबर होतं. आपल्या शाळेत पन्नास-बावन्नच मुलं असतात. तुझं कुठंच चुकलेलं नाही. मी खोटं सांगितलं."

खोटं, हा शब्द त्यांनी बाईंच्या तोंडून बाईंबद्दल कधी ऐकला नव्हता.

"का?" प्रणालीनं विचारलं.

"घाबरले होते."

"सायबाला?"

"नाही. पोरं कमी आहेत असं कळलं तर मला ह्या शाळेतून जावं लागेल. म्हणून."

ओंकार मागून म्हणाला, "मग आता सांगितलं तर जायला लागंल की."

"लागेल बहुतेक."

"मग कशाला सांगितलं?" तो चिडून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. प्रणालीनं मागं वळून त्याच्याकडे बघितलं आणि खाली बसली.

महिनाअखेरीला मासिक पत्रक भरायचं होतं. माझ्या वर्गापुढं मी उपस्थिती अठरा लिहिली आणि आठ नावांपुढच्या शेऱ्यात 'पालकांसोबत परगावी, गावात राहत नाही' असं लिहून देठे सरांच्या टेबलावर ठेवलं. शाळा सुटली होती. माने सर निघून गेले होते. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पोरीपायी?" त्यांनी विचारलं. वर्गात काय झालं ते त्यांच्या कानावर आलेलं असणारच.

"हो."

"तिला बोलावून एक बिस्किटाचा पुडा दिला असता, विसरली असती."

मी पत्रकावर पेन ठेवलं.

"बाई, मी इथं चार वर्षं दोन शिक्षकांवर शाळा चालवलीय. मी ऑफिसच्या कामाला तालुक्याला गेलो की एक माणूस आणि चार वर्ग. पहिलीची पोरं दिवसभर एकच अक्षर गिरवत बसायची. आईबाप ऊस तोडायला नाहीतर बागेत, घरी विचारणारं कुणी नाही. चौथीत गेलेल्या पोराला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "हे तुम्हाला बघावं लागणार नाही. तुम्ही जाणार. मी इथंच राहणार."

"तुमचं बरोबर आहे, सर."

"मग?"

"मी तिला नीट बघत जा म्हणाले, सर. ती नीटच बघत होती."

त्यांनी पेन उचललं आणि पत्रकाच्या खाली सही केली.

"मी ह्यात खाडाखोड करणार नाही. तुम्ही लिहिलंय तसं जाईल. माझ्या वर्गाचं आणि मान्यांच्या वर्गाचं पण मग खरंच लिहावं लागेल. एकाच शाळेत दोन तऱ्हा चालत नाहीत."

पंधरा दिवसांनी पाटोळे साहेब आले ते एकेका पोराला उभं करून नाव विचारत. पट बावन्न ठरला. जाताना ते माझ्याजवळ थांबले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही चूक म्हणालात." एवढं बोलून ते गाडीत बसले.

देठे सरांची एक वेतनवाढ थांबली. तिसरं पद गेलं. सगळ्यात शेवटी आलेली मी, म्हणून मी अतिरिक्त ठरले आणि मला जत तालुक्याच्या पार टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका वस्तीवर पाठवलं. खोट्या हजेरीची चौकशी माझ्यावरही लागली आणि कायम व्हायला मार्चऐवजी पुढचं वर्ष उजाडलं. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. इक्राला सासूकडे मिरजेला ठेवावं लागलं. ते वर्ष मी कसं काढलं ते वेगळं सांगत नाही. पळसमाळला तिसरी आणि चौथी एका खोलीत बसायला लागली, असं मला माने सरांकडून कळलं. देठे सर म्हणाले होते तसंच ते झालं होतं.

जायच्या दिवशी प्रणाली तिच्या आईबरोबर खोलीवर आली. आईनं पदराखालून पिशवी काढून डाळिंबं दिली. प्रणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"बाई, तितं पोरं किती हायत?" तिनं विचारलं.

"माहीत नाही अजून."

"गेल्यावर कळवा," ती म्हणाली. "खरी किती ते."

तिची आई तिला दटावायला लागली. मी म्हणाले, "राहू द्या. कळवते."

माणसं भरून नेणारी वडापची जीप रस्त्यावर येऊन थांबली. देठे सर वर्ग सोडून आले होते. माझी ट्रंक त्यांनी एका बाजूनं उचलली, दुसरी बाजू मी. जीपच्या टपावर चढवून त्यांनी दोरी स्वतःच बांधली, दोनदा ओढून बघितली.

"सर, राग आहे का माझ्यावर?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले. हात झटकले, खिशातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. "तिथले मुख्याध्यापक माझ्याबरोबर डी.एड.ला होते. गणित ह्या बाईंकडे द्या, असं लिहिलंय. बसा आता, ड्रायव्हर थांबायचा नाही."